दळण घरीच दळायचं, पण कशावर?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : पिंपरी-चिंचवडमधल्या एका भगिनीने लिहिलं आहे. घरात पाच माणसं. नवरा-बायको, दोन मुलं आणि सासूबाई. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. महिन्याला साधारण 20 किलो दळण निघतं : 12 किलो गहू, 5 किलो ज्वारी, बाकी डाळ-तांदूळ आणि थंडीत बाजरी. सोसायटीजवळची गिरणी बंद पडली. पुढची गिरणी दोन किलोमीटरवर, किलोला 8 रुपये घेते. महिन्यातून दोनदा यजमान रविवारी दळण टाकून येतात. तिथून आणलेल्या ज्वारीची भाकरी थापताना तुटते, ही सासूबाईंची तक्रार. यजमानांना 3 एचपीची ‘टू इन वन’ हवी आहे, म्हणजे पीठही घरात आणि वर्षाचं तिखटही घरात. सासूबाईंना दगडाचंच पीठ हवं, कारण ‘लोखंडी पात्यांनी पिठातला जीव जातो’. पत्र लिहिणाऱ्या ताईंना वाटतं की मोठा मिक्सर घेतला तर सगळंच भागेल. बजेट 20,000 रुपये. प्रश्न असा : ‘पैसे वाचतील, पीठ चांगलं मिळेल आणि सगळं एकातच होईल, असं कोणतं मशीन घेऊ?’

ताई,

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत : पैसे, पिठाची प्रत आणि ‘सगळं एकात’. आधी ही गाठ सोडवू.

पैशांचं आधी. 20 किलोला 8 रुपयांनी महिन्याचे 160 रुपये होतात. घरघंटीची, म्हणजे घरातल्या छोट्या पिठाच्या गिरणीची, 1 एचपीची मोटर तासाला साधारण एक युनिट वीज घेते आणि तासाभरात सात-आठ किलो गहू दळते. म्हणजे तुमच्या दळणाला महिन्याला तीन युनिट, फार तर 30 रुपये. वाचले 130. वर्षाचे दीड हजार धरले तरी 20,000 वसूल व्हायला बारा-तेरा वर्षं लागतील, आणि मधे जाळ्या, कंडेन्सर (मोटरला सुरुवातीचा झटका देणारा भाग), दुरुस्ती आलीच. पाच माणसांच्या घरात घरघंटी पैसे वाचवत नाही. ती घ्यायची तर ताज्या पिठासाठी, स्वच्छतेसाठी आणि गिरणीच्या फेऱ्या टाळण्यासाठी. त्यासाठी ती चांगलीच आहे, पण दुकानदाराने ‘दोन वर्षांत पैसे फिटतात’ म्हटलं तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडा.

आता भाकरी. ती गिरणीमुळेच तुटते हे अजून ठरलेलं नाही, आणि ते ठरवायच्या आधी 20,000 खर्चू नका. भाकरी तुटण्याची कारणं तीन. एक, पीठ शिळं. गव्हात चिकटपणा धरणारं ग्लुटेन असतं, ज्वारीत ते नसतं. ज्वारीच्या पिठाला जी काही विरी, म्हणजे धरून राहण्याचा चिकटपणा, असते ती ताजेपणावर आणि मळण्यावर टिकते. पंधरा-वीस दिवसांच्या पिठाची विरी जाते आणि भाकरीला कडेने चिरा पडतात. दोन, दळण जाडसर. तीन, ज्वारीच तशी. मालदांडीसारख्या रब्बीच्या शाळूची भाकरी आणि खरिपाच्या संकरित ज्वारीची भाकरी यांत फरक राहणारच, मशीन कोणतंही आणा.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. त्याच गिरणीतून एकच किलो ज्वारी बारीक दळून आणा आणि दोन दिवसांत भाकरी करून बघा. नीट झाली तर दोष पीठ साठवण्याचा होता. तरीही तुटली तर चिमूटभर पीठ अंगठा आणि तर्जनीत चोळा. बोटाला बारीक रव्यासारखे कण टोचले तर दळण जाड आहे. पीठ मऊसूत असून भाकरी तुटत असेल तर धान्य बदला. शिळ्या पिठाला उकळतं पाणी घालून उकड काढून मळलं की भाकरी बऱ्यापैकी जमते, हे सासूबाईंना मी सांगायला नको.

तुमचं महिन्याला 5 किलो ज्वारीचं पीठ दोनदा येतं, म्हणजे शेवटची भाकरी दोन आठवड्यांच्या पिठाची असते. मला तरी पहिलाच संशय तिथे येतो. आणि घरघंटीचा खरा फायदाही इथेच आहे : आठवड्याला सव्वा किलो ज्वारी दळायची. बाजरीला तर हे फारच लागू. बाजरीत तेल गव्हापेक्षा कितीतरी जास्त, सुमारे 5 टक्के. दाणा फुटला की ते तेल बिघडायला लागतं आणि पीठ कडू होतं. बाजरी चार-पाच दिवसांपुरतीच दळावी.

सासूबाईंच्या दगडाकडे येऊ. त्यांचं म्हणणं अगदी पोकळ नाही, फक्त कारण वेगळं आहे. घरघंटीत मोटरच्या दांड्यावरची पोलादी पाती धान्याला फटके मारून फोडतात आणि बारीक झालेलं पीठ जाळीतून बाहेर पडतं. दगडात दाणा दोन पाळूंमध्ये, म्हणजे खालच्या-वरच्या गोल दगडांमध्ये, दाबून चिरडला जातो. चिरडलेल्या गव्हातला स्टार्च जास्त तुटतो, म्हणून ते पीठ पाणी जास्त पितं आणि पोळी मऊ राहते. घरघंटीच्या पिठाची कणीक मळल्यावर लगेच पोळ्या लाटल्या तर कोरड्या वाटतात. थोडं पाणी जास्त घालून कणीक अर्धा तास झाकून ठेवली की हा फरक बराचसा भरून निघतो. ‘जीव’ म्हणाल तर कोंडा आणि अंकुर दोन्ही पिठांत सारखाच राहतो. तो जातो आपण चाळणीने कोंडा काढून टाकतो तेव्हा. गरम होण्याचंही तसंच. बाजारातल्या मोठ्या दगडी चक्कीचं पीठही हाताला चांगलं गरम लागतं. कोणतंही पीठ गरम असताना डब्यात भरू नये. झाकणाला आतून घाम सुटतो, गोळ्या होतात आणि आठ दिवसांत किडे पडतात. परातीत पसरून गार करावं, मगच डबा.

विजेवर चालणारी छोटी दगडी घरघंटी मिळते. पिठाची प्रत आणि भरड-बारीक करायची मोकळीक या दोन गोष्टींत मला ती आवडते, कारण तिला जाळी नसते. पाळूंमधलं अंतर फिरवून लापशीपासून कणकेपर्यंत काहीही काढता येतं. पण तिच्याशी निगुतीने वागावं लागतं. नवीन दगडावर पहिले दोन-तीन किलो स्वस्तातलं धान्य दळून ते पीठ टाकून द्यायचं, नाहीतर दातांखाली कचकच येते. धान्य संपल्यावर दगडावर दगड फिरू द्यायचा नाही. तेलकट काही घातलं की दगडाचा खरखरीतपणा बुजतो, मग पीठ पडतं कमी आणि तापतं जास्त. काही महिन्यांनी, वर्षांनी दगडाला टाकी लावून, म्हणजे छिन्नीने पुन्हा खरखरीत करून, घ्यावी लागते. पूर्वी जात्याला टाकी लावणारे दारावर यायचे. आता तुमच्या भागात हे काम करणारं कोणी आहे का, हे घेण्याआधी विचारा. नसेल तर दगडी घेऊ नका. सासूबाईंचं जुनं जातं गावाकडे असेल तर ते मात्र जरूर आणा. बारीक पिठासाठी नव्हे, डाळ भरडायला आणि मेतकुटासाठी. ते काम त्याच्याइतकं चांगलं कोणी करत नाही.

यजमानांच्या ‘टू इन वन’ला माझा स्पष्ट विरोध आहे. पाच माणसांच्या घरात वर्षाची मिरची तीन-चार किलो, गोडा मसाला किलो-दीड किलो. वर्षातून एकदा, एप्रिल-मे मध्ये, कांडपाच्या गिरणीत डंकावर दोन तास उभं राहिलं की झालं. तिथे मसाला कुटला जातो, तेलासकट. घरघंटीच्या जाळीवर खोबरं, तीळ, दगडफूल यांचा लगदा चिकटून बसतो. हळकुंडं दगडासारखी असतात, ती पाती वाकवतात. आणि चेंबर एकच असेल तर मिरचीनंतर कितीही पुसा, पुढच्या दोन-तीन दळणांची पोळी तिखट लागते. काही मॉडेलांत मसाल्याचं चेंबर वेगळं असतं, त्यांत हा प्रश्न येत नाही. पण मोटर मोठी, आवाज मोठा, जागा जास्त. 3 एचपीची मोटर चालताना तीन किलोवॉटच्या आसपास घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते. फ्लॅटचा मंजूर वीजभार आणि वायरिंग इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय ती आणूच नये. वर्षातल्या दोन तासांसाठी बाकीचं वर्ष हे ओझं कशाला वागवायचं? मसाले विकण्याचा व्यवसाय करणार असाल तर गोष्ट वेगळी.

मिक्सरचा विचार मात्र पूर्ण सोडू नका, त्याचं काम ओळखा. मिक्सरची मोटर सलग चालायला बनवलेलीच नसते. चार-पाच मिनिटं चालवायची, तेवढीच विश्रांती द्यायची. भांड्यात एका वेळी 150-200 ग्रॅम धान्य नीट फिरतं. म्हणजे 20 किलोसाठी शंभर-सव्वाशे भांडी, आणि प्रत्येक भांडं चाळायचं. भांड्याखालचा रबरी कपलर आधी झिजेल, मग मोटरचा वास येईल. 750 वॉटचा मिक्सर पावशेर भगर, साबुदाणा, मसाल्याची चटकन पूड आणि इडलीचं वाटण यांसाठी ठेवा. महिन्यातून दोनदा इडली होत असेल तर वेगळा वेट ग्राइंडर नको, वाटताना गार पाणी वापरलं की झालं.

तर तुमच्या घरासाठी मी 1 एचपीची, सिंगल फेजची, पात्यांची साधी घरघंटी सुचवेन. पण दोन गोष्टी आधी.

पहिली. आज दळणाचं काम यजमान करतात. घरघंटी आली की धान्य निवडणं, दळणं, चेंबर पुसणं, हवा बाहेर सोडणारी कापडी पिशवी धुणं हे कोणाच्या वाट्याला येईल? दर आठवड्याला पाऊण तास दळण आणि पंधरा-वीस मिनिटं साफसफाई धरा. हे कोणी करायचं ते मशीन यायच्या आधी घरात मोकळेपणाने ठरवा. एकदा ते स्वयंपाकघरात शिरलं की तुमचंच होऊन बसतं, आणि कंटाळून पडून राहिलेल्या घरघंट्या मी कमी पाहिलेल्या नाहीत.

दुसरी. आजूबाजूला घरगुती गिरणी चालवणारी बाई आहे का, चौकशी करा. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण योजनांतून आणि बचत गटांमार्फत बऱ्याच जणींनी पिठाच्या गिरण्या घेतल्या आहेत. अशा ठिकाणी दर आठवड्याला तीन-चार किलो दळून मिळालं, आधी कोणतं धान्य दळलं हे विचारता आलं, तर तुमचा निम्मा प्रश्न न खर्चता सुटतो.

एका परिस्थितीत मात्र हे सगळे हिशेब बाजूला ठेवावेत. घरात कोणाला सिलियाकचा, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास असेल, तर गिरणीतलं ज्वारीचं पीठ चालतच नाही, कारण त्याच दगडावर आधी गहू गेलेला असतो. अशा घरात घरघंटी घ्यावीच, पण तिच्यात गहू कधीही घालू नये. गहू बाहेर, बाकी धान्य घरी. दोन्ही एकातच दळलं तर घेऊन उपयोग शून्य.

घ्यायला जाल तेव्हा हात हलवत जाऊ नका. दोन किलो गहू आणि एक किलो तुमचीच ज्वारी बरोबर न्या. दुकानात नेहमी गहू दळून दाखवतात, आणि गहू कोणतीही घरघंटी बरा दळते. परीक्षा ज्वारीची. तिचं पीठ घरी आणून सकाळी सासूबाईंना भाकरी थापू द्या, मगच पैसे भरा. मशीन उघडायला लावा : चेंबरचं दार किती मोठं, हात मनगटापर्यंत आत जातो का, जाळी एका हाताने निघते का. रोजच्या वापरात हे मोटरच्या जाहिरातीपेक्षा महत्त्वाचं. मोटरचं वायंडिंग तांब्याचं आहे हे बिलावर लिहून घ्या. दार उघडलं की मोटर आपोआप बंद पडते का, तेही तिथेच पाहा. जाळ्या आणि कंडेन्सर गावातच मिळतात का आणि दुरुस्तीला माणूस घरी येतो का, हे विचारा. चाळीस-पन्नास किलोचं धूड घेऊन तुम्ही तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणार नाही.

घरी 16 अँपिअरचा सॉकेट आणि चालू अर्थिंग हवं. एक्स्टेंशन बोर्ड नको. खाली रबरी पाय किंवा जाड रबराची चटई, भिंतीपासून वीतभर अंतर. आवाज मिक्सरसारखाच असतो, पण मिक्सर दोन मिनिटांत थांबतो आणि ही अर्धा तास चालते, म्हणून दुपारी झोपेच्या वेळी आणि रात्री नको. घरात कोणाला दमा असेल तर दळताना दार लावून घ्या, पिठाची धूळ उडतेच.

चालवताना क्रम चुकवू नका. आधी मोटर सुरू, तिने वेग घेतला की मग धान्य सोडायचं. शेवटी आधी धान्य बंद, मग एक-दोन मिनिटं रिकामी फिरू द्यायची, मग मोटर बंद. दळताना वीज गेली तर चेंबरमध्ये धान्य भरलेलं राहतं. वीज आल्यावर तसंच बटण दाबलं की मोटर नुसती घुमते आणि जळते. प्लग काढायचा, चेंबर रिकामं करायचं, मगच सुरू. चेंबर रिकामं असूनही घुमत असेल आणि फिरत नसेल तर बहुधा कंडेन्सर गेला आहे. ती स्वस्तातली दुरुस्ती असते, त्यावर कोणी मोटर बदलायला सांगितली तर दुसऱ्याला दाखवा.

नव्या घरघंटीच्या तक्रारींपैकी बऱ्याच कापडाच्या असतात, आणि दोष मशीनला दिला जातो. पात्यांबरोबर हवाही पिठाच्या डब्यात ढकलली जाते आणि ती कापडी पिशवीतून बाहेर पडते. कापडाची छिद्रं पिठाने बुजली की हवा अडते, पीठ उलटं वरच्या तोंडातून उडतं, दळण मंदावतं, मोटर तापते. दर वेळी कापड झटका, पंधरा दिवसांनी धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. ओलसर कापडावर पिठाची खळ बसते, मग ते फेकूनच द्यावं लागतं.

दुसरं बुजणारं ठिकाण म्हणजे जाळी. चण्याची डाळ दळून झाल्यावर जाळी काढून उजेडात धरा. कडेने पिवळं, कडक कडं धरलेलं दिसेल. ते कोरड्या ब्रशनेच काढायचं, पाणी लावायचं नाही. जाळ्यांना नंबर असतात, साधारणपणे लहान नंबर बारीक, पण प्रत्येक कंपनीचं कोष्टक वेगळं असतं, म्हणून सोबतचं पुस्तक बघा. पोळीचा गहू, ज्वारी आणि मोदकाची पिठी बारीक जाळीवर, थालिपिठाची भाजणी मधल्या, लाडवाचं रवाळ बेसन त्याहून जाड जाळीवर. भाजणी भाजल्यावर पूर्ण गार होऊ द्या. एखाद्या दिवशी त्याच जाळीवर पीठ अचानक भरड पडलं तर जाळी फाटली आहे. बहुतेक वेळा कारण पोत्यातला खडा नाहीतर टाचणी असते.

धान्य कोरडं हवं. धुतलेला गहू दोन उन्हं दाखवल्याशिवाय घालू नका. दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे, चेपला तर अजून ओल आहे. वर्षाच्या गव्हाला एरंडेल लावत असाल तर दळायच्या आधी कोरड्या फडक्याने चोळून घ्या. आणि एक गोष्ट फार गांभीर्याने सांगते : धान्यात पाऱ्याच्या टिकड्या ठेवत असाल तर किती टाकल्या हे डब्यावर लिहा आणि दळण काढताना तेवढ्याच मोजून बाहेर काढा. गिरणीवाल्याच्या नजरेला कदाचित पडली असती ती टिकडी घरघंटी मुकाट्याने पिठात दळून टाकेल. मला विचाराल तर त्या टिकड्या वापरूच नका.

शेंगदाणे, तीळ, जवस, खोबरं, साखर, ओली कडधान्यं यांपैकी काहीही तिच्यात घालायचं नाही. दळणाचा क्रम लावताना ज्वारी-तांदूळ आधी, गहू मग, डाळ शेवटी, आणि त्यानंतर साफसफाई. चेंबरमध्ये दर वेळी मूठभर पीठ उरतंच. पावसाळ्यात ते चार दिवस राहिलं तर त्यात जाळं धरतं.

सासूबाईंच्या एकादशीचं पीठ सगळं पुसून झाल्यावर, पहिल्यांदा मूठभर राजगिरा दळून तो बाजूला काढून, मग दळा. राजगिऱ्याला सगळ्यांत बारीक जाळी लावा. त्याचा दाणा इतका लहान असतो की जाड जाळीतून न दळताच खाली पडतो.